पाहता येतं का, हे तपासायचं कसं? पुण्यातल्या एका चित्रपट-अभ्यास वर्गाचं प्रकरण

तिसऱ्या वर्षाच्या चोवीस उत्तरपत्रिकांपैकी सतरांमध्ये एकच वाक्य थोड्याफार फरकानं आलं होतं: जब्यानं भिरकावलेला दगड प्रेक्षकांच्या, म्हणजे आपल्याच, अंगावर येतो. प्रश्न ‘फँड्री’ या मराठी चित्रपटाच्या (२०१३) शेवटावर होता, जब्या हा त्यातला नायक. वाक्य चुकीचं नाही. मी स्वतः ते वर्गात बोलले होते, यूट्यूबवरच्या कितीतरी व्हिडिओंत ते ऐकायला मिळतं आणि कुठल्याही चॅटबॉटला विचारलं तर तोही तेच सांगेल. पण दगड येतो तेव्हा कॅमेरा नेमका कुठं आहे, हे त्या सतरांपैकी एकानंही लिहिलं नव्हतं. तो जब्याच्या पाठीमागे असता तर हाच दगड कुणाला लागला असता, असा विचारही कुठं नव्हता. तरी या सतरा जणांना मी वीसपैकी बारा ते सोळा गुण दिले होते.

हे प्रकरण त्या गुणांचं आहे. वर्ग पुण्यातल्या एका स्वायत्त कॉलेजातला, कला शाखेचा. तीन वर्षांची पदवी, चित्रपट-अभ्यास हा मुख्य विषय. निम्मी मुलं शहरातली. उरलेली लातूर, बीड, सोलापूर, सातारा अशा ठिकाणांहून आलेली, होस्टेलवर किंवा कॉट बेसिसवर राहणारी. शिकवणं इंग्रजी-मराठी मिसळून चालतं. नोट्स इंग्रजीत. उत्तर मराठीत लिहायची मुभा नियमात होती, पण ती जवळजवळ कुणीच वापरत नव्हतं. इंग्रजीत लिहिलं की मार्क बरे पडतात, हे वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवायची. त्यांचं म्हणणं खरं होतं, हे मला पुढं कळलं.

कागदावर सगळं ठीक होतं

या पेपरची पाच अध्ययन निष्पत्ती, म्हणजे कोर्स आउटकम किंवा सीओ, ठरलेली होती: शिकून झाल्यावर मुलाला काय यायला हवं ते. तिसरी अशी: ‘विद्यार्थी चित्रपटातील दृश्याचं रूपाच्या अंगानं विश्लेषण करू शकेल.’ यातला ‘विश्लेषण’ हा शब्द ब्लूमच्या वर्गीकरणातून आलेला आहे. १९५६ चं ते वर्गीकरण २००१ मध्ये सुधारलं गेलं आणि त्यात स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन आणि निर्मिती अशा सहा पायऱ्या आल्या. आपल्याकडं अभ्यासक्रम लिहिताना या क्रियापदांचा तक्ता समोर ठेवतात. मीही तसाच ठेवला होता.

निष्पत्ती साध्य झाली का, हे काढायची आमच्या कॉलेजची रीत साधी आहे. त्या सीओशी जोडलेल्या प्रश्नात साठ टक्क्यांहून जास्त गुण मिळवणारी मुलं मोजायची. वर्गात अशी मुलं सत्तर टक्क्यांच्या वर असली तर लेव्हल ३, साठच्या वर असली तर २, पन्नासच्या वर असली तर १. तिसऱ्या सीओत चोवीसपैकी एकोणीस जण पार झाले. लेव्हल ३. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या निकष २.६ मध्ये नेमकं हेच दाखवावं लागायचं, त्यामुळं आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या, फाइलमध्ये आमचा विभाग उठून दिसत होता. सत्र संपल्यावर मुलांकडून भरून घेतलेल्या फॉर्ममध्येही बहुतेकांनी ‘विश्लेषण करता येऊ लागलं’ यासमोर सर्वांत वरचा पर्याय निवडला होता.

इथं एक गोष्ट माझ्या नजरेतून पूर्ण सुटली होती. प्रश्नाचं क्रियापद ‘विश्लेषण करा’ असलं म्हणून उत्तर विश्लेषणच असेल असं नसतं. ज्या दृश्यावर मी दोन तास बोलले, तेच दृश्य परीक्षेत विचारलं तर विश्लेषण माझं असतं आणि विद्यार्थी ते आठवतो. चौथ्या पायरीचा प्रश्न पहिल्या पायरीवर सोडवला जातो, आणि तक्ता भरणाऱ्याला ते कळायचा काही मार्ग नसतो. पुण्यात कुठल्याही विषयाचं गाइड अप्पा बळवंत चौकात मिळतं. आमच्या विषयाचं मिळत नाही, म्हणून मी निश्चिंत होते. पण माझ्याच व्याख्यानांच्या पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर एका बॅचकडून दुसरीकडं जात होत्या. विषयाचं गाइड मीच झाले होते.

आजोबांचा एकच टेक

हे लक्षात आलं ते उत्तरपत्रिकांवरून नव्हे. सहाव्या सत्राच्या शेवटी मुलांच्या लघुपटांचं स्क्रीनिंग होतं. आमच्याकडं संकलन शिकवायला एक सर व्हिजिटिंग म्हणून येतात, मुंबई-पुण्यात काम करणारे संकलक. ते माझ्या शेजारी बसले होते. बीड जिल्ह्यातल्या एका विद्यार्थिनीनं संकलित केलेली नऊ मिनिटांची फिल्म सुरू होती. एसटी जाते, आजोबांचा चेहरा. फोन वाजून बंद होतो, आजोबांचा चेहरा. ताटात वाढून ठेवलेली भाकरी, पुन्हा आजोबांचा चेहरा. पहिल्या वेळी ते वाट पाहताना वाटले, दुसऱ्यांदा रुसलेले, तिसऱ्यांदा फार थकलेले.

फिल्म संपल्यावर सरांनी तिला विचारलं, “तिन्ही वेळा एकच टेक वापरलायस ना?”

“हो सर. आजोबांनी वेगळं काही केलंच नाही. ते नुसते बसले होते. समोर जे ठेवलं त्यानं वेगळं वाटतं.”

चित्रपट शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या वर्षात कुलेशोव्हचा प्रयोग शिकवतात. १९२० च्या आसपास सोव्हिएत रशियात लेव्ह कुलेशोव्हनं एका नटाच्या भावशून्य चेहऱ्याचा तोच तुकडा सूपची वाटी, शवपेटी अशा वेगवेगळ्या प्रतिमांना जोडला आणि प्रेक्षकांना त्या एकाच चेहऱ्यात वेगवेगळे भाव दिसले. या मुलीनं आजोबांना घेऊन तेच केलं होतं, तेही पूर्ण जाणीवपूर्वक. घरी जाऊन मी तिची आदल्या सत्राची उत्तरपत्रिका काढली. कुलेशोव्हवरच्या प्रश्नात तिला वीसपैकी सात मिळाले होते. इंग्रजी अडखळत लिहिलेलं, नटाचं नाव चुकलेलं, व्याख्या अर्धवट. त्याच प्रश्नात अठरा गुण मिळवलेल्या मुलाची फिल्मही त्याच दुपारी दाखवली होती. त्याच्या फिल्ममध्ये आईचा क्लोजअप येतो आणि लगेच आईच्याच आवाजात निवेदन सुरू होतं की तिला मुलाची आठवण येते आहे. चेहरा आणि त्याच्या शेजारची प्रतिमा यांच्यावर त्यानं काहीच सोपवलं नव्हतं.

मला त्या रात्री झोप लागली नाही. सात आणि अठरा हे आकडे माझ्या अक्षरात लाल शाईनं लिहिलेले होते. माझ्याच वर्गात जिला पाहता येत होतं तिला मी तीन वर्षं सांगत आले होते की तुला येत नाही.

नाव न सांगता दाखवलेली चार मिनिटं

पुढच्या बॅचसाठी मी एक चाचणी केली. तिचे गुण कुठंही धरायचे नव्हते. ‘कुंकू’ (१९३७) मधला घरातला चार मिनिटांचा तुकडा निवडला. चित्रपटाचं नाव सांगितलं नाही. तुकडा तीनदा दाखवला: पहिल्यांदा नुसता पाहायचा, दुसऱ्यांदा हातात कागद घेऊन, तिसऱ्यांदा राहिलेलं टिपायला. मोबाइल बॅगेत. मग पंचेचाळीस मिनिटं आणि एकच प्रश्न: ‘या चार मिनिटांत बनवणाऱ्यांनी काय काय ठरवून केलेलं दिसतं किंवा ऐकू येतं, आणि त्यानं काय घडतं?’ ज्या भाषेत लिहावंसं वाटेल त्या भाषेत लिहायचं.

‘कुंकू’च का, हे सांगायला हवं. पहिलं कारण म्हणजे नव्या मुलांनी तो क्वचितच पाहिलेला असतो. त्या वर्गात दोघांनीच पाहिला होता. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तरुण नीराचं लग्न म्हाताऱ्या विधुराशी लावून दिलं जातं, हा विषय असा आहे की कथासार वाचूनही त्यावर दोन पानं लिहिता येतात. म्हणजे ज्यानं पाहिलं आणि ज्यानं नुसता विषय ओळखला, ते इथं वेगवेगळे दिसणार. आणि तिसरं कारण आवाज. शांतारामांनी या चित्रपटात पार्श्वसंगीत टाळलं आणि घरादारातले, रस्त्यावरचे खरे आवाज वापरले. आजच्या मालिका ऐकत वाढलेल्या कानाला ही गोष्ट खटकायला हवी. खटकली तर ऐकलं, नाही खटकली तर नाही. शिवाय हा चित्रपट प्रभातच्या पुण्याच्या स्टुडिओत तयार झाला. त्याच आवारात १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. आमची मुलं लॉ कॉलेज रस्त्यावरून रोज तिथून जातात.

चोवीसपैकी पंधरा जणांनी मराठीत लिहिलं. मुभा तीच होती, पण या वेळी ती फळ्यावर लिहिली होती.

उत्तरं वाचताना दोन ढीग आपोआप पडत गेले. एका ढिगात विवाहसंस्था, पितृसत्ता, स्त्रीची कोंडी यांवर सुसंगत परिच्छेद होते. चांगल्या भाषेत, बहुतेक इंग्रजीत. पण त्यातली काही उत्तरं अशी होती की ती चार मिनिटं न पाहताही लिहिता आली असती. एकाही शॉटचा, एकाही आवाजाचा उल्लेख नाही. दुसऱ्या ढिगात मोडकीतोडकी वाक्यं होती: ‘दार दोनदा दिसतं पण दुसऱ्यांदा आपण आतून बघतो.’ ‘ती बोलते तेव्हा तो फ्रेममध्ये नाही, तो बोलतो तेव्हा ती आहे.’ एका मुलीनं लिहिलं होतं, ‘मागे काहीच वाजत नाही. आधी वाटलं लॅपटॉपचा आवाज गेला. मग भांड्याचा आवाज आला तेव्हा कळलं की मुद्दाम आहे. आमच्या घरी भांडण झाल्यावर असंच असतं, भांडीच बोलतात.’ संगीताच्या अभावाची नोंद सात जणांनी केली होती. त्या सातांपैकी पाच जण आधीच्या लेखी पेपरांत वर्गाच्या खालच्या निम्म्यात होते.

इथं घाईनं असा निष्कर्ष काढायला नको की इंग्रजीत लिहिणाऱ्यांना दिसत नाही आणि गावाकडच्यांना दिसतं. पहिल्या ढिगातल्या तिघांशी मी नंतर बोलले, तेव्हा त्यांनी तोंडी अचूक निरीक्षणं सांगितली. “मग लिहिलं का नाहीस?” असं विचारल्यावर एकजण म्हणाला, “मॅडम, एवढं साधं लिहितात का परीक्षेत? मला वाटलं थिअरी लागेल.” काय लिहिण्याजोगं आहे, हे त्याला आमच्या परीक्षांनीच शिकवलं होतं. या उत्तराचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

शनिवारची दुपार

सहा उत्तरं निवडून, नावं झाकून, त्यांच्या झेरॉक्स काढल्या. एका शनिवारी दुपारी आम्ही तिघं बसलो: मी, संकलक सर, आणि मराठी साहित्य शिकवून आमच्याकडं चित्रपटाचा इतिहास घेणाऱ्या एक सहकारी. प्रत्येकानं स्वतंत्रपणे वीसपैकी गुण दिले आणि मग कागद एकदम उलटे केले.

भांड्यांच्या उत्तराला सात, अकरा आणि पंधरा असे गुण होते.

“यात युक्तिवाद कुठं आहे?” सहकारी म्हणाल्या. “निरीक्षणांची यादी आहे नुसती.”

“यादी नाही मॅडम, क्रम बघा,” सर म्हणाले. “शॉट ज्या क्रमानं आलेत त्याच क्रमानं तिनं ऐकलंय. आधी शंका, मग पुरावा, मग अर्थ. संकलनाच्या टेबलावर बसून मी तेच करतो.”

दोघंही बरोबर होते, आणि हीच अडचण होती. दोन परीक्षकांमध्ये किती एकमत आहे हे मोजायला संख्याशास्त्रात साधनं आहेत. जेकब कोहेन यांचा ‘कप्पा’ हा गुणांक १९६० पासून वापरात आहे. सहा उत्तरपत्रिकांवर तो काढण्यात अर्थ नव्हता. आमचं मतभेदाचं कारण आकड्यातून कळणारं नव्हतंच. साहित्याच्या बाई उत्तरात मांडणी शोधत होत्या, संकलक नजर शोधत होते, आणि मी, प्रामाणिकपणे सांगायचं तर, माझ्या व्याख्यानाचा प्रतिध्वनी शोधत होते.

आमच्याकडं रुब्रिक, म्हणजे गुण देण्याच्या निकषांचा तक्ता, होतं. एका परदेशी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून घेतलेलं. त्यात चार रकाने होते: उत्कृष्ट, चांगलं, बरं, असमाधानकारक. प्रत्येक रकान्यात विशेषणं: ‘सखोल’, ‘पुरेसं’, ‘वरवरचं’. सखोल म्हणजे काय, हे तिघांच्या मनात वेगळं असेल तर विशेषणांनी काही साधत नाही. शिवाय त्याचा पहिलाच निकष लेखनाच्या सफाईचा होता. म्हणजे दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला पहिल्या ओळीलाच फटका बसत होता.

तो कागद बाजूला ठेवला आणि चार प्रश्न लिहून काढले, प्रत्येकी पाच गुणांचे. काय दिसलं किंवा ऐकू आलं? ते नेमकं कुठं, कोणत्या शॉटमध्ये, कशाच्या आधी-नंतर? त्यानं प्रेक्षकाच्या मनात काय घडलं? आणि तेच वेगळ्या रीतीनं केलं असतं तर काय बदललं असतं?

पहिले तीन कुठल्याही रसास्वादाच्या वर्गात येतात. पुण्याला याची जुनी परंपरा आहे. सतीश बहादूर यांनी फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये रसास्वाद शिकवला, १९६४ मध्ये स्थापन झालेल्या चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर यांनी जमवलेल्या फिल्म्समुळं तो शिकवण्याजोगा झाला, आणि या दोन्ही संस्थांचा मिळून चालणारा रसास्वाद शिबिराचा वर्ग अनेकांनी केलेला आहे. रोज पाहायचं आणि पाहिल्यावर बोलायचं, ही त्याची रीत. आमची सगळी भिस्त मात्र चौथ्या प्रश्नावर आहे. पाठ केलेलं उत्तर तिथं टिकत नाही. ‘कॅमेरा जब्याच्या मागे असता तर?’ याचं उत्तर कुणाच्या पीडीएफमध्ये नाही. मुलाला तो शॉट डोक्यात पुन्हा मांडावा लागतो, कॅमेरा उचलून दुसरीकडं ठेवावा लागतो. ज्याला हे करता येतं त्याला दृश्य म्हणजे कुणीतरी घेतलेला निर्णय असतो हे कळलेलं असतं. आमच्या विषयात शिकणं म्हणतात ते मला वाटतं हेच आहे.

पाच-पाच गुणांच्या या मापानं आम्ही तीच सहा उत्तरं पुन्हा तपासली. पाच उत्तरांवर तिघांचे गुण तीनच्या फरकात आले. सहाव्यावर आले नाहीत. ते पितृसत्तेवरचं एक उत्तम, तर्कशुद्ध टिपण होतं आणि त्यात चित्रपट कुठंच नव्हता. सहकारी बाईंना त्याला शून्याजवळ नेणं अन्यायाचं वाटत होतं. शेवटी ठरलं की सामाजिक संदर्भ मांडण्याची निष्पत्ती वेगळ्या सीओत आहे, ती वेगळ्या प्रश्नानं तपासायची. एका उत्तरात सगळं शोधत बसलं की आपण जे आपल्याला आवडतं त्याला गुण देतो. त्या सहाही उत्तरांच्या झेरॉक्स आता रुब्रिकला टाचलेल्या आहेत. नवीन परीक्षक आला की आधी त्या वाचतो. कोणत्या उत्तराला तीन आणि कोणत्याला पाच, हे विशेषणांपेक्षा त्या कागदांवरून लवकर समजतं.

बदल काय केले आणि त्यातलं काय फसलं

अंतर्गत परीक्षेतला एक निबंध काढून टाकला आणि त्या जागी न शिकवलेल्या तुकड्यावरचा पेपर आणला. ‘फँड्री’ शिकवतोच. पण परीक्षेत राष्ट्रगीत सुरू झाल्यावर डुकराचा पाठलाग थांबवून उभं राहावं लागतं ते दृश्य, किंवा महापुरुषांच्या चित्रांच्या भिंतीसमोरून डुक्कर वाहून नेतात ते, अशी सगळीकडं चर्चिलेली दृश्यं विचारायची नाहीत. तुकडा निवडायला वेळ लागतो. अशा कामाला जुने मराठी चित्रपट बरे पडतात. भारतात चित्रपटाचा स्वामित्व हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो, त्यामुळं प्रभातचे चित्रपट वर्गात मोकळेपणानं वापरता येतात, आणि त्यांच्यावर तयार उत्तरंही फारशी सापडत नाहीत.

गटानं केलेल्या लघुपटाचे गुण पूर्वी सहाही जणांना सारखे मिळायचे. त्यात संकलन करणारी मुलगी, आवाज पाहणारा मुलगा आणि फक्त शूटिंगच्या दिवशी डबे आणणारा मित्र एकाच ओळीत बसत. आता प्रत्येकानं आपल्या कामाचे तीन टप्पे घेऊन यायचं. संकलकानं असेंब्ली (शॉट नुसते ओळीनं जोडलेले), रफ कट (कच्चं संकलन) आणि अंतिम कट यातला एकच प्रसंग दाखवायचा आणि काय बदललं, का बदललं ते सांगायचं. कॅमेऱ्यावरच्या मुलानं न वापरलेले टेक आणायचे. ध्वनी करणाऱ्यानं ट्रॅक बंद-चालू करून दाखवायचे. या तोंडी परीक्षेत जे ऐकायला मिळतं ते मला कुठल्याही जर्नलमध्ये वाचायला मिळालं नव्हतं. एका मुलाची फिल्म अगदी साधारण होती, पण त्यानं सतरा सेकंदांचा शॉट बारा सेकंदांवर का आणला आणि मग पुन्हा पंधरावर का नेला, हे इतकं नेमकं सांगितलं की सरांनी त्याला पूर्ण गुण दिले. देखणी फिल्म करणाऱ्या दुसऱ्याकडं एकच उत्तर होतं, “असं छान वाटलं.”

अडचणी लगेच आल्या. चोवीस मुलं, प्रत्येकी बारा मिनिटं, म्हणजे जवळजवळ पाच तास, आणि तेही दोन परीक्षकांचे. व्हिजिटिंग शिक्षकाला तासाप्रमाणे मानधन मिळतं आणि परीक्षेचे तास त्यात बसत नाहीत. पहिल्या वर्षी सर विनामोबदला बसले. हे दरवर्षी चालू शकत नाही आणि चालूही नये. अजून यावर मार्ग निघालेला नाही.

दुसरी अडचण जास्त गंभीर होती. तोंडी परीक्षेत धीट मुलं वर गेली. आजोबांचा टेक वापरणाऱ्या मुलीसारखीच एक दुसरी मुलगी, ध्वनीचं काम करणारी, आमच्यासमोर तोंडातून शब्द काढेना. दहापैकी चार. नंतर तिची नोंदवही उघडली, तर प्रत्येक बदलासमोर तारीख, वेळ आणि एका ओळीत कारण लिहिलेलं. ‘पंख्याचा आवाज ठेवला, नाहीतर खोली रिकामी वाटत नाही.’ लेखी परीक्षेनं एकीवर अन्याय केला होता, तो दूर करायला आम्ही तोंडी आणली आणि तिनं दुसरीवर केला. आता विद्यार्थी नोंदवही किंवा तोंडी यापैकी एक मुख्य निवडतो आणि दुसरं पूरक धरतो. हे पुरेसं आहे का, याची मला खात्री नाही, पण आधीपेक्षा बरं आहे.

एका विद्यार्थ्यानं गुणांविरुद्ध अर्जही केला. त्याचं म्हणणं होतं की पाहणं ही व्यक्तिसापेक्ष गोष्ट आहे, तिला गुण देताच येत नाहीत. त्याला आम्ही चार प्रश्न आणि टाचलेली नमुना उत्तरं दाखवली आणि त्याचं उत्तर त्यालाच तपासायला दिलं. त्यानं स्वतःला आमच्यापेक्षा एक गुण कमी दिला. मग दुसऱ्या प्रश्नावर त्यानं आमची चूक दाखवली, ती आम्ही मान्य केली आणि दोन गुण वाढवले. तेव्हापासून अंतर्गत परीक्षेच्या आधी मुलंच एकमेकांची दोन उत्तरं या मापानं तपासतात.

फाइलमधला आकडा

नव्या रीतीनं तिसऱ्या सीओत चोवीसपैकी तेरा जण साठ टक्क्यांच्या वर आले. लेव्हल ३ वरून लेव्हल १. आयक्यूएसीच्या समन्वयक बाईंचा फोन आला. त्यांचा स्वर काळजीचा होता, रागाचा नव्हता.

“मॅडम, मागच्या वर्षी तीन, या वर्षी एक. तेच शिक्षक, तोच अभ्यासक्रम. हे कमिटीला दाखवायचं कसं?”

त्यांना मी दोन्ही वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि सहा उत्तरांच्या झेरॉक्स नेऊन दिल्या. दोन दिवसांनी त्यांनी बोलावलं. भांड्यांचं उत्तर त्यांनी वाचलं होतं. त्या रसायनशास्त्राच्या. म्हणाल्या, “आमच्याकडं अज्ञात क्षार ओळखायला देतात प्रॅक्टिकलला. माहीत असलेला क्षार देऊन ‘ओळख’ म्हटलं तर परीक्षा कसली? तुम्ही एवढी वर्षं माहीत असलेला क्षार देत होतात.” मी जे सांगायचा प्रयत्न करत होते ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. कार्यवाही अहवालात आम्ही आकडा होता तसा ठेवला. सोबत साधन का बदललं याचं एक पान, जुन्या आणि नव्या प्रश्नाचे नमुने आणि पुढच्या वर्षी काय करणार ते. दोन वेगळ्या साधनांनी काढलेल्या लेव्हल एकमेकींशी तोलता येत नाहीत, हे वाक्य त्यांनी स्वतः घातलं.

त्या अहवालातलं ‘पुढच्या वर्षी काय करणार’ हे कलम माझ्यासाठी सगळ्यात अवघड होतं. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी मुलाला काय येतं हे आम्हाला आता जरा बरं कळतं. पण त्यातलं आम्ही किती शिकवलं आणि तो घरून किती घेऊन आला, हे कळत नाही. आजोबांचा टेक तीनदा वापरणारी मुलगी पहिल्या दिवशी आली तेव्हाच तिला ते दिसत होतं का? मला माहीत नाही, कारण तेव्हा मी तिला विचारलंच नव्हतं.

म्हणून या जूनमध्ये पहिल्या वर्षाच्या पहिल्याच तासाला, ओळखपाळख व्हायच्या आधी, ‘कुंकू’ची तीच चार मिनिटं दाखवली. तोच एक प्रश्न, तीच पंचेचाळीस मिनिटं, हव्या त्या भाषेत. उत्तरं तपासली नाहीत. गोळा करताना वरवर नजर गेली तेवढीच. एका मुलानं दोनच ओळी लिहिल्या होत्या आणि दुसरी खोडली होती. सगळे कागद एका लिफाफ्यात घालून, वर वर्ष लिहून, लाखेनं बंद करून विभागाच्या कपाटात ठेवले आहेत. तीन वर्षांनी ही मुलं शेवटचा पेपर देतील, त्या संध्याकाळी तो लिफाफा त्यांच्यासमोर उघडायचा आहे.